हात वर केला म्हणून

रविवार, ९ जून २०२४

आज क्लबच्या वार्षिक सभेत मी हात वर केला तो "ती खिडकी कुणीतरी लावा" एवढंच सांगायला. वारा सरळ मानेत शिरत होता. पण नेमके त्याच वेळी अध्यक्ष विचारत होते, "क्लब बंद करायचा नसेल तर पैसे उभे करायची जबाबदारी कोण घेणार?" इंग्रजी मला कळतं, पण इथले लोक तोंड न उघडता बोलतात, त्यामुळे निम्मं मागाहून कळतं. मागाहून कळलं तेव्हा अख्ख्या खोलीत एकटा माझा हात वर होता आणि लोसा टाळ्या वाजवत होती.

हात खाली घेता आला असता. गैरसमज झाला म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि विषय संपला असता. घेतला नाही. का घेतला नाही ते आता लिहिताना शोधते आहे.

हे गेल्यावर मी नागपूरचं घर बंद करून लेकीकडे, निशाकडे, सातासमुद्रापार पोरिरुआला आले. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर खो-खो शिकवलेली बाई मी. इथे पहिली दोन वर्षं डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावायची तेच शिकत होते. मग एकदा घरामागच्या कुंपणापलीकडच्या मैदानावरून लोसाने हाक मारली, "नुसतं बघता काय, आत या!" लोसा क्लबची सेक्रेटरी. सामोअन आहे, माझ्याच वयाची, हसली की कप हलतात. तिने माझ्या हातात एक काळा जड चेंडू दिला. त्याला बोल म्हणतात. लांबवर एक छोटा पांढरा चेंडू ठेवलेला असतो, तो जॅक. आपला बोल जॅकच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा, एवढाच खेळ. पण बोल पुरता गोल नसतो, सरळ जातच नाही, वळसा घेतो. मी पहिला टाकला तो शेजारच्या खेळात घुसला. त्या दिवशी मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

ते मैदान, इथे त्याला ग्रीन म्हणतात, आता गेलं. मे महिन्यातल्या पावसात मागचा ओढा फुटला आणि सगळ्या मैदानावर गाळ बसला. खालचे पाइप तुंबले, वरची कोटुला कुजली. कोटुला म्हणजे जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची वेल. इथली जुनी ग्रीन्स गवताची नसतात, हिची असतात. पाइप नवे टाकायचे, माती बदलायची, पुन्हा लावणी करायची. एक ट्रस्ट निम्मा खर्च द्यायला तयार आहे, पण सप्टेंबर संपायच्या आत उरलेले चाळीस हजार डॉलर आम्ही जमवले तर.

आणि अध्यक्षांना क्लब बंदच करायचाय. त्यांचं नाव मरे. ऐंशीला आलेले, उंच, ताठ. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला तोंडावर "मरे" म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून मी इथे मरेसाहेब लिहिते. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "तुम्ही कशात पडताय ते तुम्हाला माहीत नाही."

बघतेच आता.

मंगळवार, ११ जून

निशाला सांगितलं. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे ती, दिवसभर उभी असते.

"आई, चाळीस हजार डॉलर म्हणजे किती, कळतंय का तुला?"

"वीस लाखांच्या आसपास. मी हिशेब केलाय."

"आणि ते तू आणणार?"

"मी एकटी नाही. आपण."

"आपण?" म्हणाली आणि सोफ्यावर आडवीच झाली. नात केतकी तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, दॅट्स हीप्स." हीप्स म्हणजे पुष्कळ. ते मलाही माहीत आहे.

अंथरुणात पडल्यावर मात्र ओळखीची माणसं बोटांवर मोजली. मी इथे कुणाला ओळखते? दहा-बारा म्हाताऱ्या माणसांना आणि बसच्या ड्रायव्हरला.

शनिवार, २२ जून

पहिला कार्यक्रम: हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज विकणे. इथे कुणालाही कशासाठीही पैसे लागले की पावात सॉसेज घालून विकतात. लोसा म्हणाली, खात्रीचा मार्ग आहे.

आडवा पाऊस. तंबू दोनदा उडाला. लोक गाडीतून उतरून डोक्यावर पिशवी धरून आत पळत होते, सॉसेजकडे कोण बघतंय! दुपारपर्यंत पाव भिजून लगदा झाला. मी डब्यात आमच्यासाठी कांदाभजी नेली होती, ती तव्यावर गरम करायला टाकली. वास सुटला तसा एक पेंटचे डबे घेतलेला माणूस थांबला. "हे काय आहे? हे विकायला नाही?" त्याच्या मागे आणखी चार.

सॉसेज परत आणले. भजीचा एक तुकडा उरला नाही. पुढच्या शनिवारी बेसन पोत्याने घ्यायचं.

रविवार, ७ जुलै

सलग तिसरा आठवडा भजी संपली. फळ्यावरचा आकडा हलायला लागलाय. फळा केतकीने रंगवून कुंपणावर लावलाय. मी सांगितलं म्हणून नाही, "तुमचं पोस्टर फारच वाईट आहे" म्हणून.

पण आज मनाला लागलं. डेअरीत दूध आणायला निघाले होते. नागपूरहून आले तेव्हा मला वाटायचं डेअरी म्हणजे गाईम्हशी. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. समोरून मरेसाहेब आले. मी थांबले, हसले, हात हलवला. ते दोन हातांवरून गेले आणि वळूनसुद्धा बघितलं नाही. आत जाऊन दुकानदाराशी मात्र, त्याने हाक मारल्यावर, अगदी छान गप्पा.

घरी येऊन निशाला म्हटलं, "हे असले लोक. आपण त्यांच्या क्लबासाठी भजी तळून तळून हात भाजून घ्यायचे आणि यांनी ओळखसुद्धा दाखवायची नाही. रंग बघतात, दुसरं काय."

निशा भाकरी करत होती. तवा तसाच ठेवून माझ्याकडे वळली. "आई, त्यांच्याबद्दल असं बोलू नकोस."

"का? तू ओळखतेस त्यांना?"

ती तव्याकडे वळेपर्यंत भाकरी करपली. आजकालच्या मुलींना आईची बाजू घेणं जमतच नाही.

गुरुवार, १८ जुलै

कमिटीची बैठक. मी दोन दिवस बसून पुढच्या कार्यक्रमाचा तक्ता केला होता, रंगीत पेनांनी. शाळेच्या हॉलमध्ये इनडोअर बोल्सची स्पर्धा. मैदान नाही तर नाही, लांब हिरव्या चटया अंथरून आत खेळायचं. चार संघ: लोसाच्या चर्चचा, अग्निशमन दलाचा, रग्बी क्लबचा आणि आपल्या मराठी मंडळाचा. प्रत्येक संघाने आपापले देणगीदार आणायचे.

तक्ता मरेसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी बोटाने तो लोसाकडे सरकवला. "वाच."

मी म्हटलं, "तुम्हीच बघा ना, सगळं स्पष्ट लिहिलंय."

"माझ्यासमोर कागद नाचवू नका," एवढंच म्हणाले, तेही माझ्या कानाशी बोलल्यासारखे. लोसाने वाचला. सगळ्यांना पसंत पडला. मरेसाहेबांनी विरोध केला नाही, होकारही दिला नाही. जाताना दाराशी खुर्चीला अडखळले आणि खुर्ची जणू माझीच आहे असे चिडले.

शुक्रवार, २ ऑगस्ट

क्लबात मीट रॅफल. म्हणजे मटणाची सोडत. तिकीट घ्यायचं आणि नंबर लागला तर मटणाचा आख्खा ट्रे घरी न्यायचा. नागपूरला फोनवर बहिणीला सांगितलं तर ती इतकी हसली की "जय भीम, ठेवते आता" म्हणून ठेवूनच दिला. ट्रे मलाच लागला. परत सोडतीला लावला. पुन्हा मलाच लागला. तिसऱ्यांदा लोसाने मला तिकीटच दिलं नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

जॉन्सनव्हिलला मराठी मंडळाच्या बैठकीला गेले. अध्यक्ष शंतनू, पुण्याचा, आयटीतला, चांगला मुलगा आहे. पण तो म्हणाला, "काकू, आपली माणसं बोल्स खेळत नाहीत. आपल्याला यातून काय मिळणार, असं लोक विचारतील."

मी म्हटलं, "दिवाळीला हॉल कुणाचा घेता?"

"शाळेचा."

"क्रिकेटला मैदान?"

"कौन्सिलचं."

"ते ज्यांनी उभं केलं ते काय दिवाळी खेळत होते का?"

मागे कुणीतरी हसलं. शंतनू पण हसला. संघ येतोय. आणि जर्सीसुद्धा शिवतायत म्हणे, भगवी की निळी यावरून तासभर वाद झाला. शेवटी हिरवी ठरली.

शनिवार, १७ ऑगस्ट

झोपायच्या आधी लिहून टाकते.

स्पर्धा जोरात झाली. हॉल भरून लोक गॅलरीत चढले. चर्चच्या बायकांनी गाणी म्हटली, आपल्या पोरांनी ढोल आणला, अग्निशमनवाले गणवेशात आले आणि पहिल्याच फेरीत हरले. अंतिम सामना चर्च विरुद्ध मंडळ. शेवटचा बोल थांबला तेव्हा दोन बोल जॅकजवळ, एक लाल, एक निळा. निकाल अध्यक्षांनी द्यायचा. मरेसाहेब पुढे आले, वाकले, मान वाकडी करून बघत राहिले. मग म्हणाले, "लाल."

निळा जवळ होता. जरा नाही, चांगला हातभर. गॅलरीतून दिसत होतं. पोरं हसायला लागली. निळा आमचा म्हणून नव्हे, पण इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मैदानावरचा माझा आवाज आहे, त्याला माइक लागत नाही.

"मरे, तुम्हाला दिसत नाही का?"

पोरांचं हसणं थांबलं. ढोलसुद्धा.

ते सावकाश सरळ झाले. म्हणाले, "नाही, शैला. दिसत नाही."

बस, एवढंच. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. मग भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले. लोसा मागे धावली. निळ्याला विजयी जाहीर केलं कुणीतरी. टाळ्या वाजल्या, फळ्यावरचा आकडा एका दिवसात कुठल्या कुठे गेला, माझं अभिनंदन झालं. मला त्यातलं काही नको होतं.

गाडीत निशाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई, माझ्या कामावर कोण येतं, कोण नाही, ते मी घरी सांगत नाही. कधीच नाही. आत्ताही विचारू नकोस."

भाकरी का करपली होती ते आत्ता कळलं.

रविवार, १८ ऑगस्ट

सकाळी त्यांच्याकडे गेले. एकटी. लोसा येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. माझं तोंड, मीच घेऊन जायला हवं.

दार उघडल्या उघडल्या मी म्हटलं, "मी शैला." कालपर्यंत हे सांगायची गरज आहे हे मला कळलं नव्हतं.

"कळलं. पावलांवरून," ते म्हणाले. "घोड्यासारख्या चालता."

मी माफी मागितली. त्यांनी चहा केला. केटलीच्या तोंडाशी बोट धरून कप भरतात. मग हळूहळू बोलले. दोन्ही डोळ्यांतलं मधलं गेलंय, कडेचं उरलंय. खोलीत फिरता येतं, पण समोर जे बघायचं नेमकं तेच पुसलेलं. चेहरे नाहीत. अक्षरं नाहीत. "तुमचा चेहरा थोडा तरी दिसावा असं वाटलं तर मला तुमच्या कानाकडे बघावं लागतं."

मी खुर्ची जरा कडेला सरकवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुणाला सांगणार नाही असं म्हटलं, पण ते म्हणाले, सांगा, आता लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षं ग्रीनची देखभाल तेच करत. ओढ्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, पावसाळ्याआधी तिच्यात अडकलेला पालापाचोळा काढायचा ही त्यांची ठरलेली कामगिरी. या वर्षी गेले, हाताने चाचपलं, मोकळी वाटली. मोकळी नव्हती. मे महिन्यात पाणी आलं. "मी कुणाला सांगितलं नाही की मला दिसत नाही. म्हणून ग्रीन गेलं. आणि आता तुम्ही भजी तळून ते परत आणणार. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं. बघता येतही नव्हतं."

म्हणून क्लब बंद करायचा होता. कुणाला कळायच्या आत.

मला गोड बोलता येत नाही. शाळेत पडलेल्या मुलाला म्हणायचे तसंच म्हटलं, "ओढा शाळेत शिरला, चर्चच्या किचनमध्ये शिरला, पेट्रोलपंपावर शिरला. तिथल्या जाळ्याही तुम्हीच साफ करायच्या होत्या का?"

त्यांनी मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

निघताना विचारलं, "आता मदत कराल का?"

"मी आंधळा काय मदत करणार?"

"फोन तर ऐकू येतो ना?"

बुधवार, २८ ऑगस्ट

येतो, आणि कसा! मरेसाहेबांना पन्नास वर्षांतल्या झाडून सगळ्या सभासदांचे फोन नंबर पाठ आहेत. जे गेले त्यांच्या मुलांचे, जे ऑस्ट्रेलियाला गेले त्यांचेही. रोज दुपारी क्लबच्या किचनमध्ये बसतात. मी बेसन भिजवते, ते नंबर फिरवतात. सुरुवात ठरलेली: "मरे बोलतोय. माझे डोळे गेले, ग्रीन पण गेलं. दोन्हींपैकी एक दुरुस्त होण्यासारखं आहे."

यावर कोण नाही म्हणणार? एक ब्रिस्बेनची बाई फोनवर रडली. तिचं लग्न त्या ग्रीनच्या कडेला झालं होतं.

आज एक फोन ठेवून मला म्हणाले, "तुम्ही किचनमध्ये असलात की बोलायला बरं जातं." भज्यांचा वास येतो म्हणून असेल.

रविवार, १५ सप्टेंबर

दोन आठवडे झाले, आकडा जागचा हलत नाही. ज्यांनी द्यायचं त्यांनी दिलं. पाऊस सुरूच. काल भजीला गिऱ्हाईक नव्हतं. पापाकुराहून शंतनूचे मित्र पैसे पाठवतो म्हणाले होते, ते आले नाहीत. अजून पाचवा हिस्सा बाकी.

खरं लिहायचं तर आज वाटलं, कशाला हे केलं? सगळ्यांना आशा लावून ठेवली. फसलं तर हे लोक चांगले आहेत, मला काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त झोंबेल. लोकांच्या देशात येऊन पुढारपण करायची हौस.

केतकी खोलीत आली. मी डोळे पुसले. तिने बघितलं असणार. शेजारी बसली. मग चक्क मराठीत म्हणाली, "आजी, माझी शाळा... आम्ही टॉग्ज घालून धावणार. पैसे देतात त्यासाठी." टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे.

"या थंडीत?"

"म्हणूनच देतात," ती म्हणाली.

सोमवार, ३० सप्टेंबर

झालं! झालं! झालं!

शनिवारी वर्गातली सगळी पोरं पोहायच्या कपड्यांत, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून समुद्राच्या कडेने धावली, वारा असा की गालांना चटके. अख्खं पोरिरुआ बघायला लोटलं. अग्निशमनवाल्यांनी गाडीची घंटा वाजवली आणि नंतर स्वतःही कपडे काढून मागे पळाले. काल लोसाच्या चर्चने प्रार्थनेनंतर झोळी फिरवली. आज सकाळी शंतनूच्या मित्रांचंही आलं, बँकेत अडकलं होतं म्हणे.

दुपारी आम्ही तिघं किचनमध्ये बसून होतो. लोसा बँकेत गेली होती, तिचा फोन यायचा होता. मरेसाहेब टेबलावर बोटं वाजवत होते. निशा सुट्टी घेऊन आली होती. मला म्हणाली, "आई, नाही झालं तरी..."

"नाही झालं तरी काय?"

"तरी मला तुझा अभिमान वाटतो, असं म्हणणार होते. पूर्ण तरी करू दे."

फोन वाजला. मरेसाहेबांनी उचलला. ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. मग फोन माझ्या दिशेने धरला आणि लोसाचं ओरडणं सगळ्या खोलीला ऐकू आलं. नुसतं पुरलं नव्हतं, चाळीस हजारांच्या वर गेलं होतं. मी निशाला मिठी मारली, निशाने मरेसाहेबांना मारली. ते म्हणाले, "सिस्टर, तुमचा आवाज ओळखीचा आहे." निशा म्हणाली, "असेल." दोघंही हसले.

बेसन हाताला लागलेलं तसंच राहिलं. मी ढोलवाल्या पोरांना फोन केला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

लावणी. पाइप बसले, नवी माती सपाट झाली, पट्टी फिरवल्यासारखी. आज कोटुलाची छोटी छोटी रोपं ओळीने लावायची होती. मला वाटलं तीस-चाळीस माणसं येतील. गाड्या शाळेपर्यंत लागल्या होत्या. ट्रे वाटता वाटता लोसाचा घसा बसला.

दोऱ्या बांधून ओळी आखल्या होत्या. मरेसाहेब गुडघ्यावर बसले, एका हाताने दोरी धरली, दुसऱ्याने खड्डा, रोप, दाब. पुढे. त्यांची ओळ आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ आली. केतकी त्यांच्या शेजारच्या ओळीत होती. तिची वाकडी गेली तशी ते म्हणाले, "दोरी बघू नकोस, बोटाला लागू दे." तिनेही डोळे मिटले आणि लावायला लागली.

कडेला चर्चच्या बायका गात होत्या. आपल्या बायकांनीही सुरू केलं. दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून काहीतरी तिसरंच होत होतं, आणि कुणालाच थांबवावंसं वाटत नव्हतं.

कंबर मोडली आहे. आता वर्षभर वाट बघायची.

रविवार, ८ जून २०२५

वार्षिक सभा. मरेसाहेबांनी अध्यक्षपद सोडलं आणि माझं नाव सुचवलं. एकमताने मंजूर झालं. मी म्हटलं, माझं इंग्रजी धड नाही. लोसा म्हणाली, "शाइला, तुझा आवाज तर आहे." सगळे खूप वेळ टाळ्या वाजवत होते. दुसरं कुणी हे काम घ्यायला तयार नसणार, म्हणून मला पुढे केलं. असो. कुणीतरी करायलाच हवं.

ग्रीन मात्र बघण्यासारखं झालंय. रोपं एकमेकांना भिडली. सकाळी दव पडलं की रुपेरी दिसतं.

लोसाने एक शोध लावला. दृष्टी नसलेले लोकही बोल्स खेळतात, त्यांच्या स्पर्धा होतात. परवा शहरातून दोघं येऊन दाखवून गेले. मैदानाच्या मधोमध दोरा ताणतात, म्हणजे पायाला आणि हाताला दिशा कळते. जॅकपाशी एक माणूस उभा राहतो आणि बोल कुठे थांबला ते घड्याळाच्या काट्यांनी सांगतो. जॅक म्हणजे घड्याळाचा मध्य. पुढे गेला तर बारा, अलीकडे थांबला तर सहा, उजवीकडे तीन.

मरेसाहेब ऐकत होते. "माझ्यासाठी कोण ओरडणार?" म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आज ग्रीन उघडलं.

पहाटेच जाग आली, खिडकीतून बघितलं तर ऊन. वारासुद्धा नाही, पोरिरुआत ही बातमी छापायला हवी. मंडळाची माणसं हिरव्या जर्सीत, चर्चच्या बायका फुलांचे हार घेऊन, अग्निशमनवाले, शाळेची पोरं. ब्रिस्बेनची बाई नवऱ्याला घेऊन आली आणि जिथे लग्न झालं होतं तिथे दोघं उभे राहिले. मी भाषण केलं. "किया ओरा, नमस्कार, तालोफा" असा तीन भाषांत नमस्कार केला, पुढचं लिहून आणलं होतं ते विसरले, म्हणून एवढंच म्हटलं की हे ग्रीन ज्यांनी लावलं ते सगळे इथे आहेत, आता खेळा.

पहिला बोल कुणी टाकायचा याबद्दल चर्चाच झाली नाही.

मधोमध दोरा ताणला होता. मरेसाहेब पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून, चटईवर उभे. हात खाली नेऊन दोरा चाचपला. मी दुसऱ्या टोकाला, जॅकजवळ. कडेला इतकी माणसं आणि एवढी शांतता की ओढ्याचा आवाज येत होता.

पहिला बोल आला, वळला, लवकर थांबला. मी ओरडले, "सहा वाजता! दोन मीटर!"

मान हलली. दुसरा. "एक वाजता! एक मीटर!" जॅकच्या पुढे गेला होता. कडेचे लोक हं म्हणून श्वास सोडत होते.

तिसरा सोडला तेव्हाच मला त्यांच्या हातावरून वाटलं, हा येतोय. बाहेरून मोठा वळसा घेतला, आता सुटला, आता सुटला असं वाटता वाटता आत वळला, हळू झाला, आणखी हळू, आणि जॅकला जवळजवळ टेकून, नाही, थोडा अलीकडे, थांबला. माझं इंग्रजी, घड्याळ, मीटर सगळं उडालं.

"वीतभर! अहो, वीतभर!"

आपली माणसं ओरडली, ती बघून बाकीचेही ओरडले, ढोल सुरू झाला. नुसता गोंधळ. त्या टोकाला मरेसाहेब तसेच उभे. गोंधळ कमी झाल्यावर त्यांनी विचारलं, "शैला, वीत म्हणजे किती?"

हे लांबून कसं सांगणार? मी दोऱ्याच्या कडेने चालत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांचा उजवा हात धरला, मातीने आणि ऊन-पावसाने राठ झालेला, पंजा उघडला, अंगठा आणि करंगळी जितकी ताणतील तितकी ताणली, आणि दोन्ही टोकांना बोट लावून म्हटलं, "एवढं. इथून इथपर्यंत."

त्यांनी पंजा तसाच उघडा धरून ठेवला. दुसऱ्या हाताने तो एकदा मोजल्यासारखा चाचपला. 

मग म्हणाले, "जा, उभ्या राहा परत. माझा अजून एक बोल बाकी आहे."